सात स्लॅबचे लाडू

बोईसरच्या कामगार वसाहतीतले लोक बांधकाम लाडवांवर मोजत. स्लॅब भरला की ट्रान्झिट कॅम्पात घरटी एक बुंदीचा लाडू यायचा, आणि तेवढ्यावर तीनशे घरं महिनाभर खूश असायची. अकरा जुन्या इमारती पाडून सगळ्यांना सालवडच्या पत्र्याच्या खोल्यांत नेलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. बिल्डर कंपनीशी झालेला करार साधा होता: आधी रहिवाशांची इमारत, मग विक्रीचा टॉवर. साध्या करारावरच माणसं डोळे मिटून सही करतात.

सह्या गोळा केल्या सोसायटीच्या चेअरमननी, रामनाथनी. तीस वर्षं कारखान्यात काढलेला, कुणाच्याही मयताला सगळ्यांच्या आधी पोचणारा माणूस. शिवाय त्यांची मुलगी चारुता त्याच साइटवर प्लॅनिंग इंजिनीअर. कुठलं काम किती पुढे गेलं, किती मागे पडलं, याचा दर महिन्याचा अहवाल तीच लिहायची. घरची पोर आत बसल्यावर काळजी कसली?

चारुता वाकडं लिहिणारी नव्हती. रहिवाशांची इमारत जोत्यावर थांबली आहे, हे ती आठ महिने सरळ लिहीत होती. का थांबली विचारलं तर कंपनीतून उत्तर यायचं, सोसायटीशी बोलणं झालंय. अहवालाची प्रत चेअरमन म्हणून बाबांकडे जायची. ते म्हणायचे, "परवानगी अडकली हाय. लोकांना मी सांगतो. तू कंपनीची माणूस, मधी पडू नको." दोन उत्तरं जुळत नव्हती खरी. पण बापाचं म्हणणं पटायला माणूस पुरावा मागत नाही.

त्या सोमवारी बाजारात येसूबाईने तिला हाक मारली. येसूबाई मूळची जवळच्या दांडी गावची, मासळी विकायची. नवरा गेल्यावर वसाहतीतली खोली तेवढी तिच्या नावावर उरली होती, आणि तिच्या बदल्यात तिला नवीन घर मिळायचं होतं.

"ये बाय. सातवा लाडू खाल्ला काल. माजा चौथा माळा कवाच झाला असंल ना?"

"कसला सातवा, मावशी?"

"आपल्या बिल्डिंगचा. आमाला काय दिसत नाय? पत्र्यावरून सात माळे दिसतात."

साइटला वीस फुटी पत्रे ठोकले होते, आणि त्यांच्यावरून दिसत होता तो विक्रीचा टॉवर. रहिवाशांचं जोतं त्याच्या मागे होतं. त्यात पाणी साठून बेडूक झाले होते. चारुताने थेट साइट गाठली. गरिबांना लाडू चारून झुलवणारा कोण, ते तिने वाटेतच ठरवून टाकलं होतं.

प्रोजेक्ट मॅनेजर शैलेशने तिचा सगळा संताप ऐकून घेतला. "आमचा लाडू एकच, जोत्याचा. पुढचे सात सोसायटीने वाटले," तो म्हणाला आणि फायलीतून एक कागद काढून त्याने तिच्यापुढे सरकवला. टॉवर आधी बांधायला सोसायटीची हरकत नाही, असं त्यात होतं. तारीख आठ महिन्यांपूर्वीची. खाली बाबांची लफ्फेदार सही. "तुला माहीत असेल असंच मी धरून चाललो होतो," शैलेश म्हणाला.

कॅम्पात न जाता बापलेक तारापूरच्या गावच्या घरी राहत होते. तिथे बाबा ओट्यावर चिकू निवडत बसले होते. तिने मोबाइलवर कागदाचा फोटो दाखवला. त्यांनी तो नीट बघितला आणि पुन्हा चिकूला हात घातला.

"टॉवरच्या नवव्या माळ्यावर तुझ्या नावाने फ्लॅट धरलाय," ते म्हणाले. "झाला की खिडकीतून समुद्र दिसेल. तुझ्यासाठीच केलं."

"बाबा, लोकांनी माझ्याकडे बघून सह्या दिल्या."

"मग? म्हणून तर तुला तिथं लावून घ्या असं मी कंपनीला सांगितलं."

नोकरी आपल्या हुशारीवर मिळाली, असं ती आजवर समजत आली होती. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे तर कुंपण म्हणून बापाने तिलाच रोवलं होतं. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या देऊन ती मोकळी झाली असती. हा राग कुठे नेऊन ठेवावा, ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती येसूबाईला आणि कॅम्पातल्या दहा-बारा बायकांना घेऊन साइटच्या फाटकाशी आली. वॉचमन चंद्रभान म्हणाला, "मॅडम, परमिशन नहीं है." तिने अडसर स्वतःच काढला.

जोत्याच्या कडेला येसूबाई वाकून साठलेलं पाणी बघू लागली.

"हे कदीपासून असं हाय?"

"आठ महिने."

"तुला ठावं होतं?"

"काम थांबलंय ते ठाऊक होतं, मावशी. बाबांनी तुम्हाला सांगितलंच नाही, ते काल कळलं." मग तिने सगळं सांगितलं: बाबांची सही, नववा माळा, आणि तो फ्लॅट आपल्याच नावावर आहे तेही. एक अक्षर लपवलं नाही.

येसूबाईने शेवटपर्यंत ऐकलं.

"फ्लॅट तुज्या नावावर, अन् तुला काल कळलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. पदर खोचून ती बायकांना घेऊन तारापूरच्या रिक्षांकडे निघाली, चेअरमनला जाब विचारायला. चारुताही मागोमाग चालू लागली, तशी येसूबाई थांबली.

"तू नको येऊ," ती म्हणाली. "तुमचं घर एकच."