सासऱ्याचं तोंड

गावात म्हणत, नर्स बुरुलकडे पाय मुरगळला म्हणून गेलात तरी ती आधी तोंड उघडायला लावते. खोटं नव्हतं ते. ओश शहरात जाऊन नर्सांचं शिबिर करून आल्यापासून तिने नेमच धरला होता. दवाखान्याची पायरी चढेल त्याला विचारायचं. नसवाय खाता का? सोडायची आहे का? कधीपासून? आणि एकदा का तो हो म्हणाला, की त्याची पाठ सोडायची नाही.

ट्रकवाला अशिम असाच तिच्या तावडीत सापडला. ओठाखाली ती हिरवी तंबाखू दाबल्याशिवाय त्याला गाडीची चावी फिरवता येत नसे.

"वहिनी, जीव मागा, नसवाय मागू नका," तो म्हणाला.

"जीव तीच घेईल तुझा, मला कशाला त्रास. तोंडाला चाळा हवा ना? कुरूत चघळ." वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे तिने मूठभर त्याच्या खिशात कोंबले आणि सोडायचा दिवस ठरवून दिला. मध्येच एकदा त्याने चोरून खाल्ली, तेव्हा ती ओरडली नाही. "पडलास तर पडलास, ऊठ," एवढंच म्हणाली. उन्हाळा संपायच्या आत अशिम सुटला, आणि भेटेल त्याला कुरूत वाटू लागला.

घरची गोष्ट वेगळी होती. सासरे काल्मुर्झा अंगणात बसून नसवाय लावत आणि सुनेची चाहूल लागली की तोंड फिरवून थुंकत. ती त्यांचं नाव घेत नसे, त्यांच्या चेहऱ्याकडे सरळ बघत नसे. चहाचा पेला मान खाली घालून द्यायचा, चांगल्या घरची सून अशीच असते, असं आईने शिकवून पाठवलं होतं. नवरा रशियात कामाला. घरात दोघंच, आणि दिवसभराचं बोलणं काय, तर चहा आणि मेंढ्या. अशा माणसाला 'तुम्ही काय खाता ते मला ठाऊक आहे' म्हणायचं? बुरुलच्याने ते होईना.

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत ते एकदा दवाखान्यात आले. रक्तदाब बघ म्हणाले. तिने बघितला, गोळ्या दिल्या. दंडाचा पट्टा सोडला तरी ते उठेनात. टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले.

"अजून काही, बाबा?"

"नाही. तुला काही विचारायचं असलं तर..."

"नाही, बाबा. गोळ्या वेळेवर घ्या."

ते गेले आणि तिला हायसं वाटलं. पुढच्या बाईला मात्र तिने खडसावून विचारलं, नवऱ्याची नसवाय सुटली का म्हणून.

थंडी पडली तसे ते नान चहात बुडवून खाऊ लागले. मग नुसता चहा, तोही गार करून. बुरुलला कळायला हवं होतं. कळलंच होतं, खरं तर. तिने मान तेवढी आणखी खाली घातली. एका सकाळी पेल्याच्या काठाला रक्त दिसलं, तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला.

"बाबा, तोंड उघडा."

ते बघतच राहिले. मग उघडलं. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा होता, मधोमध जखम, कडा टणक.

"कधीपासून आहे हे?"

"त्या दिवशी आलो होतो ना तुझ्याकडे. तेव्हा जखम लहान होती."

"मग बोलला का नाहीत?"

"सुनेपुढे जबडा वासायचा कसा, पोरी? म्हटलं, सगळ्या गावाला विचारतेस, मलाही विचारशील. नाही विचारलंस. वाटलं, म्हाताऱ्याने आता सोडून काय मोठं होणार, असं तुझ्या मनात असेल."

तसं मनात नव्हतं, अदब होती, हे तिला सांगता आलं नाही. सांगून तरी काय, जखमेला दोन्ही सारखंच.

ओशच्या इस्पितळात तरुण डॉक्टरने जखमेचा तुकडा तपासायला काढला. कापसाने रक्त टिपत त्याने विचारलं, "इतके महिने अंगावर काढलंत, आजोबा? गावात बघणारं कोणी नाही?"

"नाही," काल्मुर्झा म्हणाले. "आमच्या गावात दवाखानाच नाही."

बुरुल मागेच उभी होती. मेंढी विकताना तिच्या वयाबद्दलही कधी खोटं न बोललेला हा माणूस तिची अब्रू झाकायला खोटं बोलत होता, तेही रक्ताळलेल्या तोंडाने. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"नसवाय सोडायची आहे का?" डॉक्टरने हात धुता धुता सहज विचारलं.

"हो," ते लगेच म्हणाले. "कशी सोडायची, सांगा."

"रोज कोणीतरी पाठीशी लागायला हवं. घरी कोण आहे?"

सासऱ्याचा शब्द बुरुलने आजवर कधी खोडून काढला नव्हता.

"गावात दवाखाना आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "मीच चालवते. यांनाच तेवढं विचारलं नाही."