व्रणाखाली

सेफ्टीपिन उघडीच होती, टोक वर करून, स्टीलच्या ट्रेमध्ये. आईनं ती कमरेजवळून काढून ठेवली आणि मग टेबलाची कड अशी घट्ट धरून वर चढली, जणू ते उंच नव्हतं, खोल होतं. लेकीनं पिन मिटवली. एवढं तरी करता आलं. एरवी कुणीही आडवं झालं की तिचे हात आपोआप जात, बरगडीखाली, बेंबीच्या बाजूला. आणि आज ते आपले एकमेकांत गुंतून उभे.

"एवढं शिकून शेवटी लोकांची पोटं चोळतेस," आई छताकडे बघत म्हणाली.

"चोळत नाही. नुसता हात ठेवते."

"मग तर कमालच झाली."

आईच्या सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या. पोट जड, कंबर वाकलेली, चालताना उजवा हात सतत ओटीपोटाशी. आणि फोटोत, रक्तात काहीच नाही. शेवटी डॉक्टरच म्हणाले, तुमची लेक करते ते एकदा करून तर बघा. तरी आईनं किती दिवस टाळलं...

तिनं तळवा यकृतावर ठेवला. श्वासाबरोबर ते खाली सरकलं, परत वर आलं – ठीक. येणाऱ्यांना ती नेहमी सांगायची, आत सगळं एकमेकांवरून सरकत असतं, ओल्या साबणासारखं. एका जागी चिकटलं की बाकीचंही तिकडे ओढलं जातं. आपण जोर करायचा नाही, ओढ कुठली ते हाताला कळू द्यायचं. हाताला कळलं. खाली, त्या आडव्या जुन्या व्रणाकडे. तिला ते आधीपासून माहीत होतं – सातवी-आठवीत असल्यापासून, मावशीनं सगळ्यांदेखत हसत म्हटलं होतं तेव्हापासून, 'या कार्टीपायी माझ्या बहिणीचं पोट फाडलं!' सगळे हसले होते. त्यानंतर तिनं कधी हट्ट केला नाही. आई पोटाशी हात धरून ओट्यापाशी थांबली की ही खेळ टाकून पाणी घेऊन हजर. पिशव्या उचलायच्या, नाही म्हणायचं नाही, परगावची नोकरी आली तरी जायचं नाही... चांगली मुलगी, लोक म्हणायचे. आणि तिला वाटायचं, चांगली कसली, फेडतेय.

बोटं व्रणावर आली. खाली कातडी घट्ट, दोरीसारखी.

"दुखतंय?"

"दुखत नाही. ओढतंय."

"माझ्या वेळचा ना हा."

"तुझ्या वेळचा कुठला! तू तर दवाखान्याच्या जिन्यातच झालीस. वर पोचेपर्यंतही दम नव्हता तुला."

तिचा हात थांबला. थांबला, पण उचलला गेला नाही.

"मग?"

"तुझ्या आधीचा होता एक. त्याचा." दूध नासलं हे सांगावं तशा आवाजात आई म्हणाली. "रडलाच नाही तो."

"मावशी तर म्हणायची–"

"ती तेव्हा परदेशी. आली तेव्हा तू मांडीवर, पोटावर हा व्रण. तिनं तिचं जुळवून घेतलं."

"आणि मला ती काय म्हणायची, ते तुला माहीत होतं?"

"ऐकू यायचं की."

"मग बोलली का नाहीस?"

आईनं मान भिंतीकडे वळवली. मग म्हणाली, "बोलले असते तर त्याचा विषय निघाला असता. आणि तू... तू इतकी शहाण्यासारखी वागायला लागली होतीस."

बाहेर पुढचा पेशंट खोकला. खोलीत पंख्याची घरघर. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं – मी काही फाडलं नव्हतं, मी जिन्यात झाले, घाईघाईनं, कुणाला न दुखवता – पण तसं काही वाटेना. इतकी वर्षं ज्या खोलीची झाडलोट केली ती दुसऱ्याचीच निघाली होती, आणि तो तिथे कधी राहिलाही नव्हता. कसा असेल? नाक कुणासारखं? आईनं त्याला हातात तरी घेतलं असेल का... विचारता आलं असतं. तिनं विचारलं नाही. बोटांखाली दोरी किंचित सैल झाली, केसभर सरकली, आणि आईनं असा लांब श्वास सोडला की पोट आत गेलं. डोळे मिटले होते तिचे.

मनगट दुखत होतं. एरवी तिनं आईला कळू दिलं नसतं.

"जरा थांब, मला बसू दे," ती म्हणाली, आणि आईच्या हो-नाहीची वाट न बघता पायानं स्टूल ओढून बसली. राग आला होता, स्वच्छ, ओळखू येईल असा. हात मात्र मऊच होता, होता तिथेच होता. या दोन गोष्टी एकाच अंगात अशा शेजारी-शेजारी बसलेल्या तिला ठाऊक नव्हत्या. कुठली आधी उठेल, ती बघत राहिली.