बेडूक लोड होतोय

पन्नाशी उलटली की कुणाचे गुडघे धरतात, कुणाला साखर निघते. दातांच्या डॉक्टरांना कॉम्प्युटर निघाला.

तोही साधासुधा नाही. त्यांच्या लहानपणी बाजारात जो सगळ्यात स्वस्त घरगुती कॉम्प्युटर मिळायचा, अगदी तोच. वहीएवढा, खोडरबरासारख्या मऊ बटणांचा, मूळचा पांढरा आणि आता पानतंबाखूवाल्याच्या दाढेसारखा पिवळा पडलेला. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, घरच्या टीव्हीला जोडावा लागे. त्याला स्वतःचं असं काही लक्षातही राहत नसे. बंद केला की सगळं विसरायचा, म्हणून दर वेळी टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्याला पहिल्यापासून पढवावं लागे. डॉक्टरांच्या दवाखान्यात एका दाढेचा एक्स-रे जेवढी जागा खातो, तेवढ्यात हे अख्खं यंत्र, त्याचे सगळे खेळ आणि त्याचे नातेवाईक मावले असते.

डॉक्टरांनी तो कुठल्याशा संग्राहकाकडून मिळवला आणि घरातली पाहुण्यांची खोली त्याला देऊन टाकली. जाडजूड काचेचा जुना टीव्ही आला, टेपरेकॉर्डर आला, खिडकीला तपकिरी पडदे लागले. पाहुण्यांची सोय दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झाली.

"पिवळा फार दिसतो हो," बायको म्हणाली. "दवाखान्यात लोकांचे दात पांढरे करता, याला काही लावा ना."

"पिवळेपणा हीच त्याची अस्सलता आहे," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य त्यांनी एकाही पेशंटला कधी ऐकवलं नव्हतं.

येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, "अहो, बाराव्या वर्षी मी प्रोग्रॅम लिहायचो!" हे खोटं नव्हतं. प्रोग्रॅम दोन ओळींचा होता आणि पडद्यावर डॉक्टरांचं नाव वरपासून खालपर्यंत, न थांबता, वीज जाईपर्यंत छापत राहायचा. बायकोच्या मते आता लोक मोबाइलवर जे करतात ते यांनी तेव्हाच करून ठेवलं होतं.

असे झपाटलेले ते एकटेच नव्हते. गावात अशा लोकांचं एक मंडळ होतं. अध्यक्ष म्हणजे वीज खात्यातले निवृत्त इंजिनिअर. मग एक वकील, एक करसल्लागार आणि अधूनमधून येणारे दोघे-तिघे. आळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचं, एखादा जुना खेळ कॅसेटवरून चढवायचा आणि हल्लीच्या पिढीला नावं ठेवायची, असा कार्यक्रम असे. अध्यक्षांचा एकच नियम होता, आणि तो कडक होता. कॅसेट म्हणजे कॅसेट. काही नतद्रष्ट लोक जुन्या यंत्राला नखाएवढं मेमरी कार्ड लावतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ सुरू करतात. अशांना मंडळात थारा नव्हता.

"त्या काळी माणसाला थांबता येत होतं!" अध्यक्ष टेबलावर मूठ आपटून म्हणत. हेच अध्यक्ष दवाखान्यात नंबर यायला उशीर झाला तर दार वाजवून आत यायचे, पण ते असो.

डॉक्टरांच्या घरच्या बैठकीचा रविवार ठरला. खेळ ठरला 'विहिरीतला बेडूक'. बेडकाने उड्या मारत विहिरीतून वर जायचं आणि वरून पडणारे दगड चुकवायचे, बस. पण डॉक्टरांकडे त्याची मूळ कॅसेट होती, मूळ चित्र असलेल्या डबीसकट. तिच्याविषयी इतकं बोलून झालं होतं, की दूरच्या उपनगरातले दोघे सभासदही येतो म्हणाले.

बैठकीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी डबी उघडली, तर फितीवर बुरशी! पांढरी, लुसलुशीत, आनंदात वाढलेली. हलक्या हाताने पुसायला गेले तर फीत शेवयांसारखी तुटून हातात आली. डॉक्टरांनी बायकोला हाक मारली.

"मग सांगून टाका, कॅसेट खराब झाली म्हणून," बायको म्हणाली.

"कसं सांगू? सगळ्यांना बोलावून बसलोय!"

अडलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. त्या खेळाचा आवाज, म्हणजे कॅसेटवरून येणारा तो किर्रर्र कर्कश आवाज, इंटरनेटवर फुकट पडलेला होता. तो त्यांनी मोबाइलमध्ये उतरवला, मोबाइल टेबलाखाली लपवला, टेबलावर लांब चादर घातली आणि चादरीआडून एक वायर कॉम्प्युटरपर्यंत नेली. टेपरेकॉर्डरमध्ये एक कोरी कॅसेट टाकली. ती नुसती फिरत राहणार, बेडूक येणार टेबलाखालून.

रविवारी सकाळी मंडळी जमली. तपकिरी पडद्यांचं कौतुक झालं. करसल्लागारांनी जुन्या टीव्हीचा वास छातीभर ओढून घेतला. डॉक्टरांनी एका हाताने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून दुसऱ्या हाताने मोबाइल चालू केला. ते घरात अनवाणी होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

किर्रर्र सुरू झालं. टीव्हीच्या कडांवर निळे-पिवळे पट्टे नाचू लागले. सगळे श्वास रोखून उभे राहिले. वकिलांना शिंक येत होती, ती त्यांनी नाक दाबून परत पाठवली. पावलांच्या धक्क्याने यंत्र बिथरतं असा समज असल्यामुळे कुणी जागचं हललं नाही.

"ऐका," अध्यक्ष डोळे मिटून पुटपुटले. "हा खरा फितीचा आवाज. किती उबदार! मोबाइलच्या पिढीला हा कळायचा नाही."

"अगदी," डॉक्टर म्हणाले आणि चादर जरा नीट केली.

पडद्यावर विहिरीचं चित्र एकेक रेघ करत उमटू लागलं. निम्मी विहीर झाली. बेडकाची पाठ दिसायला लागली आणि तेवढ्यात टेबलाखालून सनई वाजली.

टीव्हीने एक आचका दिला. पट्टे थिजले आणि बेडूक कमरेखाली आलाच नाही. सनई मात्र जोरात चालू होती.

अध्यक्षांनी वाकून चादर उचलली. वायर, मोबाइल, सगळा मुद्देमाल समोर होता. डॉक्टर पुढे झाले, पण अध्यक्षांनी मोबाइल आधीच उचलला होता. वायर उपटून ते तावातावाने बटणं दाबत सुटले. त्यात फोन घेतला गेला आणि स्पीकरही चालू झाला.

"ढब्बू, जेवलास का रे?" खोलीभर आवाज घुमला. डॉक्टरांच्या आईचा होता. त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहत.

"मी मंडळाचा अध्यक्ष बोलतोय, काकू," अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले. "तुमच्या चिरंजीवांनी आमची फसवणूक केली आहे."

"दुखरा दात सोडून दुसराच काढला का?"

"नाही हो! जुन्या कॉम्प्युटरच्या बाबतीत. विहिरीतला बेडूक."

आई म्हणाल्या, "तो बेडूक आहे तुमच्याकडे? अजून? अहो, ढब्बूला कुठं येतंय खेळायला. दुसऱ्या दगडाला मरायचा आणि रडत यायचा. मीच खेळायचे दुपारची."

वकिलांना दाबलेली शिंक आता आली. डॉक्टर लालबुंद होऊन फोनकडे झेपावले.

त्यानंतर जे झालं त्याला अध्यक्षांनी 'चौकशी' म्हटलं. डॉक्टरांना मंडळातून तूर्त काढण्यात आलं. वकिलांनी त्यांची बाजू मांडायची तयारी दाखवली, पण आधी काही खायला मिळेल का, असं विचारलं. निघताना करसल्लागारांनी डॉक्टरांना जिन्यात गाठलं आणि खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. माझ्या यंत्राचा फक्त डबा जुना आहे. आत सगळं नवं. कुणाला बोलू नका."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अध्यक्षांचा फोन आला. डॉक्टरांना वाटलं, राजीनामा मागतात. अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले, "ती वायर कुठल्या दुकानातून आणलीत?"

आठवड्याने आई आल्या. आधी कळवलं नव्हतं. चहा नको म्हणाल्या, सुनेशी दोन शब्द बोलल्या आणि थेट त्या खोलीत गेल्या. कॉम्प्युटरला त्यांनी पदराने पुसलं, तेव्हा डॉक्टरांच्या काळजाचा ठोका चुकला, कारण ते त्याला खास ब्रशने पुसत असत.

"लाव."

या वेळी डॉक्टरांनी मोबाइल उघडपणे टेबलावर ठेवला. किर्रर्र संपलं, बेडूक पायांसकट आला. आईंनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा वर सरकवला आणि दोन बोटांनी खेळायला सुरुवात केली. पहिला दगड, दुसरा, तिसरा. बोटं वाकडी झाली होती, पण बेडकाला ते कळत नव्हतं. डॉक्टर मागे उभे राहून बघत होते. आपलं सगळं बालपण ज्या यंत्रात आहे असं त्यांनी गावभर सांगितलं होतं, त्या यंत्रासमोर इतका वेळ बसलेलं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"तू दुपारी खेळायचीस? मला कधीच कसं कळलं नाही?"

"तू शाळेत, हे ऑफिसात. स्वयंपाक आवरला की मी आणि हा." त्यांनी डोळे पडद्यावरून हलवले नाहीत. "पुढे कॉलेजला गेलास आणि एके दिवशी उचलून मित्राला देऊन आलास."

"जुना झाला होता, आई."

"झाला असेल. मला विचारलं नाहीस."

"तुला हवा होता?"

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

 दाढ काढताना पेशंटला "थोडं दुखेल हं" म्हणायची त्यांना सवय होती. इथे कुणी तसं म्हटलं नव्हतं. शेवटी ते टीव्हीशेजारी येऊन म्हणाले, "तुझ्या घरी नेऊन लावून देऊ का?"

"दे," आई म्हणाल्या. आढेवेढे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "आणि आता पडद्यासमोरून बाजूला हो, दगड दिसत नाहीत."

कॉम्प्युटर, टीव्ही, टेपरेकॉर्डर, वायर, सगळं आईच्या घरी गेलं. पाहुण्यांची खोली पुन्हा पाहुण्यांना मिळाली. तपकिरी पडदे बायकोने त्याच दिवशी उतरवले. डॉक्टरांनी मंडळात परत जायचा प्रयत्न केला नाही. तसंही आईच्या घरी गेलं की तिथे कधी वकील, तर कधी अध्यक्ष चपला काढून बसलेले भेटायचे. अध्यक्षांना आईंनी एकदा खेळायला दिलं होतं. त्यांचा बेडूक दुसऱ्या दगडाला गेला, तेव्हापासून ते नुसतं बघायला येत.

एका रविवारी डॉक्टर गेले तर आई एकट्याच होत्या आणि खुशीत दिसत होत्या.

"वर पोचले आज," त्या म्हणाल्या. "विहिरीच्या वर."

"काय सांगतेस! काय आहे वर?"

"काही नाही. दुसरी विहीर. हिरव्या रंगाची. त्यात टाकतात परत."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "एवढंच? मग खेळतेस कशाला?"

"छान उड्या मारतो रे," आई म्हणाल्या आणि दुसऱ्या विहिरीच्या तळापासून सुरुवात केली.