आईच्या नावाची गोगलगाय

बाबांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने ते मनावरच घेतलं नाही.

"तुमच्या त्या संकेतस्थळावरच्या शोधात आईची गोगलगाय सापडत नाहीये," ते चहा पिता पिता म्हणाले.

"स्पेलिंग चुकलं असेल."

"नाव मी ठेवलंय. माझंच स्पेलिंग चुकेल?"

"बरं, ऑफिसात गेले की बघते," असं म्हणून ती घाईघाईने बाहेर पडली. बघायचं मात्र राहूनच गेलं. पुढे बाबांनी आणखी दोनदा आठवण करून दिली, तेव्हाही राहिलं.

ती संग्रहालयाच्या संगणक विभागात होती. देशभरातले प्राणी, झाडं, किडे, शेवाळं यांच्या नोंदी ज्या संकेतस्थळावर होत्या, ते सांभाळणं हे तिचं काम. कुणीही यावं, नाव टाकावं आणि तो जीव कुठे कुठे सापडला ते नकाशावर पाहावं. बाबा त्याच संग्रहालयात जन्मभर गोगलगायींवर काम करून निवृत्त झालेले. तिथे अजूनही त्यांना शंखवाले सर म्हणत. शहराबाहेरच्या चुनखडीच्या डोंगरावर त्यांनी एक नवी जात शोधली होती. खरं तर शोधली आईने. नवं लग्न, नवऱ्याबरोबर हौसेने डोंगर चढायला गेली, पाय घसरला आणि पडता पडता जिथे बोटं रोवली त्या कपारीत तांदळाच्या दाण्याएवढे जिवंत शंख. बाबांनी जातीला तिचंच नाव दिलं. "दागिना मागितला तर यांनी गोगलगाय दिली," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि सांगताना अशी खुलायची की दागिना मिळाला असता तरी तेवढी खुलली नसती. त्या एका डोंगराखेरीज ती जात कुठेच मिळाली नाही. आईला जाऊनही आता बरीच वर्षं लोटली होती.

मग त्या डोंगरावर खाण होणार अशी बातमी आली. सिमेंट कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं की तिथे दुर्मिळ असं काहीही नाही. जनसुनावणी ठरली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आक्षेप लिहून घेतला आणि लेकीला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. मला हल्ली नीट ऐकू येत नाही."

सुनावणीचे अधिकारी सभ्य होते. बाबांचं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग लॅपटॉप पुढे ओढून म्हणाले, "नाव सांगा, सर. एकेक अक्षर सांगा."

बाबांनी सांगितलं. समोरच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली आणि त्यांच्याखाली ओळ आली: या नावाची नोंद आढळली नाही.

"आजोबा, हे तुमच्याच संग्रहालयाचं संकेतस्थळ आहे," अधिकारी म्हणाले. मागे कुणीतरी हसलं.

बाबा उठले, पडद्यापाशी गेले, चष्मा वर सरकवून त्यांनी बायकोचं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. "स्पेलिंग बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. जणू तेवढाच काय तो प्रश्न होता.

काय झालं असणार ते तिला बसल्या जागी कळलं. गेल्या वर्षी शोधाची नवी पद्धत बसवली होती. ज्या नोंदीला नकाशावरची अचूक जागा नाही, तिला ती पद्धत वगळत होती. आणि बाबांच्या काळात कुठली आलीय अचूक जागा? डबीवरच्या चिठ्ठीवर लिहायचे, डोंगराची उत्तरेकडची कपार. बस्स.

ती उभी राहिली. "नोंद आहे. जुन्या साठ्यात आहे. शोधात दिसत नाही, एवढंच."

"आपण कोण?"

"मी ते संकेतस्थळ सांभाळते."

बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं.

"मग संस्थेचं पत्र आणा," अधिकारी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने तपासलं, तर एक गोगलगाय सोडाच, हजारो नावं गडप होती. कोळी, शेवाळं, बेडूक, जुन्या माणसांनी शोधलेलं जवळजवळ सगळं. ती विभागप्रमुख बाईंकडे गेली. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण असं पत्र दिलं तर वर्षभरातला प्रत्येक अहवाल पुन्हा उकरला जाईल. किती रस्ते, किती धरणं आपल्या भरवशावर मंजूर झाली, कल्पना आहे? आधी गुपचूप दुरुस्त करू. मग पत्र."

"तोवर डोंगर?"

"डोंगर कुठे पळून जातोय?"

तिला राहवलं नाही. त्याच दुपारी तिने बाबांना फोनवर विचारून त्या कपारीची जागा नकाशावर टिपली आणि नोंदीत भरली. शोधात आईचं नाव आलं. तिने पडद्याचा फोटो काढून अधिकाऱ्यांना पाठवला आणि पहिल्यांदा तिला जरा मोकळं वाटलं.

कंपनीचे वकील कच्च्या गुरूचे चेले नव्हते. नोंद सुनावणीनंतर बदलली, बदलणारी कोण, तर आक्षेप घेणाऱ्याची सख्खी मुलगी. पुरावा बनावट ठरला. संग्रहालयाने हात झटकले, नोंद तपासणीसाठी मागे घेतली आणि तिला घरी बसवलं. चौकशीत बाई म्हणाल्या की त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खाणीला परवानगी मिळाली.

सुरुंग सुरू झाले त्या आठवड्यात बाबा तिला घेऊन तिकडे गेले. तारेच्या कुंपणाशी रखवालदाराने अडवलं. उत्तरेची बाजू अर्धी कापलेली होती आणि आजूबाजूच्या झाडांवर पिठासारखी धूळ बसली होती.

"घाई केलीस," बाबा म्हणाले. "तेच मी सांगितलं तेव्हाच केलं असतंस तर..."

ते गाडीकडे वळले. नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. काढला असता तर बरं, असं तिला पुष्कळदा वाटे.

शोध दुरुस्त व्हायला आणखी वर्ष गेलं. तिच्या जुन्या सहकारी मैत्रिणीचा फोन आला. "सगळी नावं परत आलीत गं. काकूंचंही आलंय. फक्त एक रकाना भरायचा राहिलाय, शेवटची कधी दिसली तो. तो रिकामा सोडता येत नाही. सरांना विचारतेस?"

तिने फोन हातात धरूनच बाबांच्या खोलीत जाऊन विचारलं. बाबा पलंगावर बसून होते. त्यांनी साल सांगितलं. आई शेवटची डोंगर चढली होती ते.

"त्यानंतरचं नाही?"

"त्यानंतर मी गेलोच नाही," बाबा म्हणाले. "मला वाटलं, आहे ती तिथे."

तिने फोनवर साल सांगितलं.