लाल मेण

मित्रांनो, मी लाकडाची आहे, जुनी आहे आणि स्वभावाने जरा तिरसट आहे. बर्फावरून चालता यावे म्हणून पायाखाली बांधतात ती लांब स्की मी. ‘मी’ म्हणते खरे, पण आम्ही दोघी आहोत, डावी आणि उजवी. आयुष्यभर बरोबरीने चाललो, म्हणून एकीने बोलले तरी चालते. नॉर्वेच्या या डोंगरात माझ्यासारख्या म्हाताऱ्या स्की भिंतीवर टांगतात आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. पाहुणे वरचे वाकवलेले टोक बघतात, माना हलवतात. तळवा कोणी बघत नाही. मला जे सांगायचे आहे ते सगळे माझ्या तळव्याचे आहे, आणि ते गोड नाही.

माझा जन्म १९३१ सालचा. टोराच्या वडिलांनी वरच्या शेतामागचे भूर्जाचे झाड तोडले, त्याच्या फळ्या दोन वर्षे वळचणीला वाळवल्या, मग रंध्याने तासून मला आकार दिला. टोके वाफेवर धरून वाकवली. तळव्याला पाइनच्या झाडाचे काळे डांबर गरम करून पाजले. टोरा पंधरा वर्षांची झाली आणि चर्चमध्ये तिचा मोठेपणाचा विधी झाला, त्या दिवशी मी तिला भेट मिळाले. बाकीच्या मुलींना घड्याळे मिळाली होती. ती दिवसभर गाल फुगवून बसली होती, हे मी अजून विसरलेले नाही.

पण पुढची चाळीस वर्षे तिचे माझ्यावाचून पान हलले नाही. दुधाच्या बरण्या खाली पोचवायच्या, पीठ वर आणायचे, कोणी अडली असेल तर सुईणीला बोलवायला धावायचे, सगळे माझ्यावरून. गावच्या शर्यतीत ती एकदा दुसरी आली. पहिली न आल्याचे खापर तिने माझ्यावर फोडले आणि पेला मात्र स्वतःच्या कपाटात ठेवला. मग प्लॅस्टिकच्या हलक्या स्की आल्या. मला गोठ्याच्या माळ्यावर टाकले. तिथे कोंबड्या माझ्यावर बसत. कोंबड्या बसल्या म्हणजे आणखी काय होते ते तुम्ही ओळखालच.

टोरा म्हातारी झाली. लग्न तिने केले नव्हते. सत्त्याहत्तराव्या वर्षी खुबा गेला, नजर अधू झाली, मधुमेह जडला. रोज सकाळी इन्सुलिनची सुई लागायची, आणि थरथरत्या हातांनी ती स्वतः घेता येत नव्हती. हिवाळ्यात बर्फ काढायची गाडी खालच्या शेजाऱ्याच्या, ऑडवारच्या शेतापर्यंतच यायची. तिथून टोराचे घर दोन किलोमीटर वर, सगळा चढ. जुनी नर्स गावातलीच होती. ती रोज स्कीवरून वर यायची. ती निवृत्त झाली आणि तिच्या जागी आली लिओनिला.

लिओनिला फिलिपिन्सच्या एका बेटावरची. वय अडतीस. कामात चोख, हाताला हलकी, पण बर्फ तिने आधी फक्त सरबतात पाहिलेला. गावच्या कचेरीतली टुरिड, आजारी माणसांची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती, तिने टोराला स्पष्ट सांगितले. नव्या नर्सला पंधरा दिवसांत वर येणे जमले नाही, तर टोराला खालच्या वृद्धाश्रमात हलवायचे. आणि जमले तरी, ज्या दिवशी दुपारी बारापर्यंत नर्स पोचली नाही, त्या दिवशी निकाल लागला.

टोराला मरण आपल्याच घरात हवे होते. त्यापलीकडे तिने आयुष्यात काही मागितले नव्हते.

म्हणून पहिल्या रविवारी ऑडवारने लिओनिलाला, कचेरीने पंधरा दिवसांपुरत्या दिलेल्या बर्फातल्या मोटारीवर मागे बसवून वर आणले आणि टोराने मला माळ्यावरून काढायला लावले. ऑडवार म्हणाला, “अगं, कचेरी नव्या स्की देतेय की तिला.”

“त्या पळतात,” टोरा म्हणाली. “नवशिक्याला पळणारी नको, ऐकणारी हवी.”

इतक्या वर्षांनी कोणी माझे चांगले बोलले. मला कोंबड्यांचे सगळे माफ झाले.

टोरा अंगणात मेंढीचे कातडे अंथरून खुर्चीवर बसे आणि काठी आपटून शिकवी. लिओनिला दोन पावले टाकायची आणि बसायची. बसायची म्हणजे पडायची. पडली की हसायची, आणि टोराला ते अजिबात खपत नसे.

“हसतेस काय? माझी गाय याहून बरी चालायची बर्फावर!”

“गाईला चार पाय होते, लोला.”

“लोला कोण?”

“आमच्याकडे आजीला लोला म्हणतात.”

“मला नातवंडं नाहीत. गुडघे वाकव! झाडासारखी ताठ उभी राहिलीस तर झाडासारखीच आडवी होशील.”

मोठ्या माणसाचे शिकणे लहान मुलासारखे नसते, मित्रांनो. मूल पडते आणि विसरते. मोठे माणूस पडते तेव्हा कोण बघतेय ते आधी पाहते. लिओनिलाच्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. घरी जाताना वाटेत ती माझ्यावर उभी राहून रडायची, तेही थोडा वेळच, कारण अश्रू गालावर गोठतात हे तिला कळले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. “जमत नाही” हे तिच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाही. ते ऐकले असते तर फार बरे झाले असते.

मेणाचाही धडा झाला. चढताना मागे घसरू नये म्हणून माझ्या तळव्याच्या मधल्या भागाला मेण लावतात, आणि बर्फ जसा तसे मेण. टोराने तिला हातमोजा काढून मुठीत बर्फ दाबायला लावला. “भुगा उडाला तर हिरवं. लाडू वळला तर निळं. पाणी गळलं तर लाल. कळलं?”

“हिरवं, निळं, लाल,” लिओनिला शाळेतल्या मुलीसारखी घोकायची.

बाराव्या दिवशी ती एकटी, न पडता, सुयांची पिशवी पाठीला लावून वर आली. टोराने खिडकीतून पाहिले आणि तोंड फिरवून कॉफी ठेवायला गेली. कौतुक करायची इथे पद्धत नाही. पण त्या दिवशी तिने तपकिरी चीज कापताना लिओनिलाचा तुकडा जाड कापला. “घे, लोलाकडचं,” असे पुटपुटलीही. मला भिंतीला टेकवून ठेवले होते, तरी मी ऐकले.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. लिओनिला रोज अकराच्या सुमारास पोचे. बाराला टुरिडचा फोन वाजे, “नर्स आली का?” आणि टोरा ऐटीत सांगे, “केव्हाच! कॉफी पितेय.”

मग मार्च आला आणि मार्चबरोबर तो दिवस.

त्या सकाळी खाली ऊन होते. ऑडवारच्या अंगणात लिओनिलाने मुठीत बर्फ दाबला तर बोटांतून पाणी गळले. तिने शिकवल्याप्रमाणे लाल मेण लावले, नीट, जाडसर. तिचे काही चुकले नव्हते. ऑडवार दारात उभा राहून बघत होता. त्याने हात हलवला.

अर्धा चढ गेला की वाट डोंगराच्या सावलीत शिरते. तिथे बर्फ कोरडा, थंड, मुठीत दाबला तर जेमतेम लाडू वळेल असा. लाल मेणाला तो बर्फ चिकटतो आणि गोठतो. दहा पावलांत माझ्या तळव्याला वीतभर ढेकूळ लागले. मला पुढे घसरता येईना. इथल्या सात वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते की अशा वेळी थांबायचे, स्की काढायची, खिशातल्या पट्टीने मेण खरवडायचे आणि निळे लावायचे. इतके ठाऊक असते की ते कोणी कोणाला सांगत नाही. श्वास घे, असे कोणी सांगते का? टोराने तिला तीन रंग शिकवले होते. एकाच चढावर रंग बदलावा लागतो हे सांगितले नव्हते. खरवडायची पट्टी तिच्या खिशात कधी दिलीच नव्हती.

मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

लिओनिलाला वाटले, आपलेच पाय चुकतायत. ती स्वतःलाच म्हणत होती, “गुडघे वाकव, गुडघे वाकव.” एक तास ती मला ओढत राहिली. घड्याळात साडेअकरा झाले आणि तिचा धीर सुटला. वर भूर्जांच्या राईपलीकडे टोराचे छप्पर दिसत होते. वाट वळसा घालून जाते. सरळ गेले तर जवळ, असे तिला वाटले. तिने मला काढले, वाटेच्या कडेला बर्फात उभे रोवले आणि राईतून पायी निघाली. चौथ्या पावलाला ती कमरेपर्यंत रुतली. मग ढग उतरले, बर्फ पडू लागला आणि ती मला दिसेनाशी झाली.

पुढचे मला दोघींच्या तोंडून कळले. एकीकडून लगेच, दुसरीकडून फार दिवसांनी.

बाराला फोन वाजला. टोराने खिडकीबाहेर पाहिले. अंगण रिकामे. टुरिडने विचारले, “नर्स आली का?”

टोरा म्हणाली, “केव्हाच. कॉफी पितेय.”

आता येईलच, पाच मिनिटांत येईल, कशाला घर घालवा, असे तिला वाटले असणार. एक वाजला. दोन वाजले. खरे सांगायला फोन उचलायचा तर घर जाणार. शेवटी तिने फोन सोडला आणि काठी उचलली.

काठीवर आणि मग बसून घसरत ती वाटेने खाली आली. मला तिची चाहूल आधी लागली, ती मोठमोठ्याने धापा टाकत होती. मी बर्फात उभी, माझ्याजवळ कोणी नाही. तिने मला उपटले, उलटे केले, डोळ्यांजवळ धरले.

“लाल,” ती म्हणाली. “अगं बाई, लाल. सावलीत लाल.” तिने नखाने ढेकूळ उकरून पाहिले. मग म्हणाली, “सांगितलंच नाही मी तिला. कुणी सांगायचं? मीच ना?”

ती राईकडे तोंड करून ओरडली. “लिओनिला! एऽ पोरी!” तीनदा, चारदा. बर्फात आवाज फसवा होतो. लिओनिला तेव्हा वर कुठेतरी रांगत होती आणि तो आवाज तिला ऐकू गेला होता. तिला वाटले, लोला खिडकीतून रागावतेय, उशीर झाला म्हणून. म्हणून ती आणखी घाईने वर चढली, टोरापासून लांब.

टोराने खिशातला चाकू काढला आणि माझा तळवा खरवडला. डावीचा आणि उजवीचाही, स्वच्छ, काठापर्यंत. साठ वर्षांपूर्वी खरवडायची तसाच. तिने बूट माझ्यात अडकवले. पोरीला शोधायला निघायचे होते तिला. उठायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा काठी मोडली. “खोटं बोलले मी,” ती मला म्हणाली, कारण तिथे दुसरे कोणी नव्हते. “पोचली म्हणाले. आता कोण येणार तिला शोधायला?” मग ती माझ्यावर टेकून बसली. तिचे वजन किती कमी झाले होते ते मला त्या दिवशी कळले. चार वाजायच्या आधी तिचे धापा टाकणे थांबले.

लिओनिला साडेतीनला घरी पोचली होती. दार उघडे, खुर्ची रिकामी. तिने कचेरीला फोन लावला तेव्हा टुरिड म्हणाली, “म्हणजे काय? बारा वाजता कॉफी पीत होतीस ना तू?” ऑडवार घसरगाडी घेऊन वर आला आणि मी आणि टोरा त्याला सापडलो. लिओनिलाची डाव्या पायाची तीन बोटे हिमदंशाने गेली.

टोराला खाली आणले. कचेरीला इतके दिवस जे करायचे होते ते असे झाले.

गावात लिओनिलाला कोणी दोष दिला नाही. कोणी काही बोललेच नाही, ही इथली रीत. दफनानंतर ऑडवार मला घेऊन तिच्या खोलीवर गेला. “तुझ्याकडे असू दे. टोराला आवडलं असतं.”

लिओनिलाने मला उलटे करून पाहिले. “हे कुणी साफ केलं? मी सोडली तेव्हा तळव्याला बर्फाचे दगड होते.”

“टोरानंच. चाकू तिच्या हातात होता.” ऑडवारने टोपी हातात फिरवली. “लाल लावलं की वर सावलीत असंच होतं. खरवडायचं आणि निळं लावायचं.”

“तू त्या सकाळी बघत होतास ना मला लाल लावताना?”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“अगं, ते तर सगळ्यांना माहीत असतं.”

लिओनिला ओरडली नाही, रडली नाही. तिने विचारले, “सगळ्यांना म्हणजे कुणाला, ऑडवार?” ऑडवार टोपी न घालताच निघून गेला.

त्यानंतर ती स्कीवर उभी राहिली नाही. मी तिच्या खोलीच्या कोपऱ्यात असते. दर शरदात ती मला डांबर पाजते, आणि पाजताना तिचे हात तळव्यावर फार सावकाश फिरतात.

मित्रांनो, लाकडाची स्की उन्हात ठेवू नका, ओली गुंडाळू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्याकडे कोणी परक्या मुलखातून आले, आणि तुम्हाला जन्मापासून येते ते काम शिकू लागले, तर त्याच्याजवळ जा. तुम्हाला ते सांगणे वेडगळ वाटेल, त्याला ऐकणे अपमानाचे वाटेल, तरी सांगा. आणि तो वाटेवर असेल, उशीर झाला असेल, आणि कोणी फोनवर विचारले, तर घर जावो की अब्रू जावो, तो दारात दिसेपर्यंत ‘पोचला’ म्हणू नका.