धुऊन परत केलेली गादी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून झालं म्हणून अंग काढून घेऊ नका. चित्रात पट्ट्यापट्ट्यांची गादी दाखवलीत, शेजारी छोटी मोटर. खाली लिहिलंत, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी, हवा आपोआप आलटून-पालटून भरते, पाठीला जखम होत नाही. आणि खोक्यात घातलीत ती पोरं तलावावर घेऊन तरंगतात ती फुगवायची गादी. निळी, वर मासे छापलेले. सोबत पायाने दाबायचा पंप. तुम्ही कुठे बसता, तुम्हाला तोंड आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून ज्या घरात तुमचं खोकं गेलं, तिथलं इथे सांगावं लागतंय. निदान ऐकून घ्या.

ती लाँड्रीवाली. खाली दुकान, वर खोली. दुकानात दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि दोरीवर लोकांचे कपडे. खोलीत लोखंडी खाट आणि खाटेवर तिचा थोरला भाऊ. तो गॅरेजात मिस्त्री होता. गाडीखाली शिरला असताना जॅक सटकला आणि कमरेखालचं शरीर त्याला कायमचं परकं झालं. त्याचं लग्न राहून गेलेलं, तिचं मोडलेलं. एकमेकांखेरीज दोघांना कुणी नव्हतं.

भाऊ तिला चिमणे म्हणायचा. चिमणीचे दंड ओल्या चादरी पिळून पिळून पैलवानासारखे झाले होते, केस पिकायला लागले होते, तरी चिमणेच.

ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरने त्याला कुशीवर वळवलं आणि माकडहाडावरचा लाल चट्टा तिला दाखवला. बोटाने दाबला तरी लाली हटेना.

"दर दोन तासांनी कूस बदलायला हवी," सिस्टर म्हणाली.

"ही काय मला भाकरीसारखी उलटत बसणार? खाली दुकान कोण बघेल?" भाऊ म्हणाला.

"मग हवेची गादी मागवा, मोटरवाली. आणि लवकर. हे फुटलं तर हाडापर्यंत जातं. यांना दुखणार नाही, त्यामुळे कळणारही नाही."

तिने त्याच दुपारी मागवली. चित्र मोठं करून करून पाहिलं, मजकूर भावाला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने दोनदा वाचायला लावला. इतकं नीट तर तो गाडीचं इंजिनही ऐकत नसे.

खोकं उघडलं तेव्हा तिने गादी उलगडली आणि मोटर शोधत खोकं उलटं करून झटकलं.

"मासे आहेत," भाऊ म्हणाला. "बघ, गळही पाठवला असेल."

तिने तुमच्याकडे फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग गोड आवाजाची मुलगी आली. मोटर नाही, पट्ट्या नाहीत, हे लाँड्रीवालीने सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, नवीन डिझाइन असू शकतं. एकदा वापरून बघा. नाही जमलं तर परत घेऊ." तुमच्या माणसाने सांगितलं हे, साहेब. वापरून बघा.

मग तिने पोटऱ्या भरून येईपर्यंत पंप दाबला. भावाच्या काखेत हात घालून, दात आवळून त्याला उचललं आणि माशांवर ठेवलं. गादी मधोमध बसली, दोन्ही टोकं वर आली. अख्खा माणूस पुस्तकासारखा मिटला. कंबर टेकली थेट खाटेच्या पत्र्याला.

"राहू दे," तो म्हणाला. "तू खाली जा, गिऱ्हाईक उभं असेल. मी पोहतो तोवर."

ती गेली. कपडे संपवून वर यायला तिला संध्याकाळ झाली. त्याला कुशीवर वळवलं तर चट्ट्याची साल निघालेली होती आणि निळ्या गादीवर पाण्यासारखा गुलाबी डाग.

"काय झालं?" त्याने विचारलं. त्याला खरंच काही कळलं नव्हतं.

"घाम आलाय तुला," ती म्हणाली.

तिने गादी परत न्यायला माणूस बोलावला. आणि मग तिने जे केलं ते फक्त तिच्यासारखीच बाई करील. तिने गादी धुतली. मळकी वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, हा तिच्या हाताचा धर्म. साबण लावून घासली, स्वच्छ पाण्यातून काढली, दोरीवर उलटीसुलटी वाळवली. धुण्याआधी सवयीने हवेच्या झडपेजवळ चिकटवलेला कागद सोलून टाकला, कारण कागदाची शाई कपड्याला लागते. वाळल्यावर घडी घातली, अशी की कोपऱ्याला कोपरा. आणि तितक्याच सवयीने घडीला आपल्या दुकानाची चिठ्ठी टाचली.

गादी न्यायला आलेला माणूस दारातच घुटमळला. घामाघूम झालेला, पाठीवर भलीमोठी पिशवी.

"ताई, हे काय लावलंय?"

"चिठ्ठी. राहिली चुकून. काढते."

"ते नाही हो. कंपनीचा स्टिकर कुठाय?"

"धुताना काढला."

"धुतली?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "कशाला धुतली?"

"माणूस निजवला होता तिच्यावर. तशीच देऊ?"

त्याने कपाळावरचा घाम पुसला. "तशीच दिली असती तर कदाचित नेली असती. आता स्कॅन काय करू? माझ्या फोनला स्टिकर लागतो, ताई. त्याशिवाय पुढे सरकतच नाही."

"दादा, तुमच्या डोळ्यांनी बघा ना. याला मोटर आहे का? हे चित्र बघा."

"दिसतंय मला. माझ्या आईला पण अशीच आणली होती आम्ही, खरी. मोटरवाली." त्याने पाठीवरची पिशवी सावरली. "माझ्या दिसण्याला काही किंमत नाही ना."

वरून भाऊ ओरडला, "त्यांना म्हणावं, मासे मोजून घ्या, एकही खाल्ला नाही."

तो माणूस हसला नाही. दोन फोटो काढले आणि गादी तिथेच ठेवून निघून गेला. थोड्या वेळाने तुमचा निरोप आला. वस्तू वापरलेली व धुतलेली आढळल्याने परत घेता येणार नाही. प्रकरण बंद.

तिने पुन्हा फोन लावला. या वेळी आवाज पुरुषाचा होता.

"तुमच्याच मुलीने वापरून बघा म्हटलं होतं," ती म्हणाली.

"आम्हाला तुमची अडचण समजते, मॅडम."

"मला पैसे नकोत. तुमच्या चित्रातली गादी द्या, एवढंच."

"आम्हाला तुमची अडचण समजते."

फोन स्पीकरवर होता. भाऊ म्हणाला, "समजते ना? मग ये आणि नीज इथे." पलीकडून फोन ठेवला गेला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. कूस नाही, पण तोंड तेवढं त्याला स्वतःहून वळवता येत होतं.

दुसरी गादी मागवण्याची तिची ऐपत उरली नव्हती. सिस्टर पुन्हा आली, जखम पाहिली आणि या वेळी रागावलीसुद्धा नाही. नुसतं म्हणाली, "खाली काहीतरी मऊ घाला. जाड. आजच."

घरात मऊ असं काही नव्हतं. दुकानात होतं. समोरच्या इमारतीतल्या मास्तरीणबाईंची रजई, पांढरी, जाडजूड, धुऊन वाळवून ठेवलेली. लाँड्रीवालीने उभ्या जन्मात गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा स्वतःच्या अंगाला लावला नव्हता. थंडीत कुडकुडली, पण समोर टांगलेल्या शालीला हात लावला नाही. त्या दिवशी ती रजई वर घेऊन आली, चौपदरी केली आणि भावाखाली सरकवली.

"कुणाची गं?" त्याने विचारलं. सुगंधी पावडरचा वास त्याला बरोबर कळला होता.

"आपलीच."

"आपली कधीपासून?"

ती खाली गेली.

पुढच्या सकाळी रजईवर डाग होता. तिने थंड पाण्यात भिजवली, मीठ चोळलं, दोनदा धुतली. डागाचा मागमूस उरला नाही. मास्तरीणबाई आल्या, रजई गालाला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "नव्यासारखी केलीत की."

इथे गप्प बसली असती तर निभावलं असतं. कुणाला कळणार होतं? पण तिची जीभ आत राहिना.

"बाई, एक रात्र भावाखाली घातली होती. त्याची जखम वाहते. मी धुतली आहे, पण तुम्हाला ठाऊक असू दे."

मास्तरीणबाईंनी रजई गालावरून काढली. तिच्याकडे पाहिलं, मग वरच्या जिन्याकडे. रजई टेबलावर ठेवली.

"असू दे मग त्यांनाच," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण पुन्हा त्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. त्यांच्या इमारतीतली बाकीची बिऱ्हाडंही हळूहळू दुसरीकडे जायला लागली.

भाऊ आता हॉस्पिटलात आहे. जखम हाडाला लागली. ताप उतरत नाही. तो विनोद करायचं विसरलाय, आणि ती दुकान बंद करून त्याच्या उशाशी बसते. निळी गादी दुकानाच्या कपाटात आहे, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातलेली. तुम्ही न्यायला येणार नाही हे तिला ठाऊक आहे, तरी ती फेकत नाही.

साहेब, त्या बाईने एका रात्रीच्या रजईचा जबाब दिला, कुणी मागितला नसताना, समोर उभं राहून. त्यापायी रोजी गमावली. तुमच्याकडे तर ती जबाब मागते आहे. रुग्णासाठी म्हणून विकलेली गादी खोटी आहे, हे तिच्यावर रुग्ण न निजवता कसं ओळखायचं? 'अडचण समजते' नको. 'प्रकरण बंद' नको. तुमच्यापैकी ज्याने तो मजकूर लिहिला त्याने पुढे यावं आणि एवढं सांगावं. ती हॉस्पिटलात आहे, भावाच्या उशाशी. तिथे येऊन सांगा.