पलंगापाशी शिकलेली प्रार्थना

मी पलंग बोलतोय. आडवा पडून बोलतोय असं मात्र समजू नका. मी कायम उभाच असतो, चार पायांवर. आडवे पडता ते तुम्ही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. सुतार हाताचा पक्का होता, पण मापात हमखास चुकायचा. मी घडलो तो असा की एकाला जास्त आणि दोघांना कमी. गिऱ्हाईक यायचं, माझ्या लाकडाचं कौतुक करायचं आणि शेजारची खुर्ची घेऊन जायचं. शेवटी एका घड्याळजीने मला नेलं. तो एकटा जीव. दिवसभर घड्याळांचं ऐकायचा, म्हणून घरी आल्यावर त्याला कुणाचं ऐकायची आणि काही बोलायची इच्छा नसायची. कूस बदलताना तो जे काही पुटपुटायचा, तेवढाच काय तो आमचा संवाद.

पुढे त्याने गाव बदललं आणि मला एका गोदामात भिंतीला टेकवून उभं केलं. ज्याने कधी पलंग उभा केलेला पाहिला असेल, त्याला माझी लाज कळेल. पाय समोर, पाठ भिंतीला आणि अंगावर धुळीची चादर. किती वर्षं गेली कुणास ठाऊक.

एके दिवशी त्या गोदामाची सामान वाहणारी लिफ्ट अडकली आणि ती दुरुस्त करायला एक मेकॅनिक आला. काम झाल्यावर हात पुसता पुसता त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने मला आडवं केलं, हलवून पाहिलं, खाली वाकून सांधे तपासले, वर बसला, उठला, पुन्हा बसला. तपासल्याशिवाय कशावरही भार टाकायचा नाही, हा त्याचा स्वभाव. मी पास झालो. त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी आलो.

आता कळलं की माझं माप चुकलेलंच नव्हतं. मी दोन मुलांचा होतो.

थोरली मुलगी पहिलीतली. घरात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे, कारण ती दारावरच्या कुरियरवाल्यालाही नीट उभं राहायला सांगायची. धाकटा टिल्लू. त्याचा माझ्याविषयीचा समज असा की मी कधी जहाज असतो, कधी घसरगुंडी आणि नाइलाज झाला तर पलंग. पहिल्या वर्षात त्याने मला तीनदा ओलं केलं आणि तिन्ही वेळा बाहुल्याचं नाव सांगितलं.

रोज झोपण्याआधी आई मुलांना माझ्यापाशी गुडघे टेकायला लावायची. हे ख्रिस्ती घर. दोघांची कोपरं माझ्या कडेवर, मिटलेले डोळे आणि मधूनच उघडणारा टिल्लूचा एक डोळा. मास्तरीणबाईची प्रार्थना मुद्देसूद असायची. टिल्लूची मात्र भटकायला निघालेली. स्कूलबसच्या ड्रायव्हरकाकांचा खोकला, शेजारच्यांचा पोपट, भांडीवाल्या मावशींचा जावई, गटारात गेलेला चेंडू. एकदा तर त्याने देवालाच बरं वाटू दे म्हणून देवाकडे मागितलं होतं. सगळ्यांचं एकट्याने ऐकून दमत असेल, असं त्याचं म्हणणं.

पप्पा तेव्हा दारात उभे असायचे, मोबाईलवर अंगठा फिरवत. चर्चमध्येही ते शेवटच्या बाकावर, दरवाजाशेजारी बसायचे म्हणे. कुठली लिफ्ट कधी बंद पडेल सांगता येत नाही, हे कारण. आई म्हणायची, आत येऊन बस की. पप्पा म्हणायचे, इथून ऐकू येतंय. 

मग आईला तिसऱ्यांदा दिवस गेले. घरात आनंदीआनंद. टिल्लूने भावाची ऑर्डर दिली होती. पण सहाव्या महिन्यात आईचा रक्तदाब इतका वाढला की डॉक्टरांनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. बाळ होईपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही. जितके जास्त दिवस बाळ पोटात राहील तितकं बरं, असं त्यांनी पप्पांना बजावून सांगितलं.

दिवसा मुलांची मावशी यायची. संध्याकाळ मात्र पप्पांच्या गळ्यात पडली. त्या पहिल्या संध्याकाळी दूध उतू गेलं, टिल्लूचा शर्ट उलटा चढला आणि दोघांना माझ्यावर ढकलून पप्पा म्हणाले, चला, डोळे मिटा, प्रार्थना झाली.

मास्तरीणबाई उठून बसली. प्रार्थना झाली नाही, असं तिने जाहीर केलं आणि पप्पांना मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवून यायला सांगितलं. ते ठेवून आले. गुडघे दुखतात म्हणून माझ्या कडेवरच बसले. घसा खाकरला. मग चर्चमधले पाळकसाहेब व्यासपीठावरून बोलतात तशा आवाजात त्यांनी सुरू केलं, "हे परम दयाळू, सर्वसमर्थ, स्वर्गीय..."

"पप्पा," मास्तरीणबाई म्हणाली, "इथे माईक नाहीये. हळू बोला. तो जवळच आहे."

पप्पांनी पुन्हा सुरुवात केली. देवबापा, आजचा दिवस चांगला गेला, आमेन.

यावर टिल्लूने हरकत घेतली. दिवस कुठे चांगला गेला? दूध सांडलं. पप्पा ओट्याला लाथ मारून ओरडले. देवाला खरं सांगायचं असतं, असं आई म्हणते.

पप्पांनी तिसऱ्यांदा डोळे मिटले आणि दूध सांडल्याचं, लाथेचं आणि ओरडल्याचं रीतसर सांगितलं. मला वाटलं, आता चिडतील. पण मास्तरीणबाईने त्यांची पाठ थोपटली आणि आता जमतंय म्हणाली. तेव्हा त्यांना हसू आवरलं नाही. माझ्या चारही पायांना ते हसू जाणवलं.

असं रोज चालू झालं. मुलांचं मागणं एकच. बाळ पोटात नीट राहू दे, वेळ झाल्यावरच येऊ दे. आमेन म्हटलं की दोघं घोरायला लागायची. पप्पा मात्र तसेच बसून राहायचे, कपाळाला आठ्या घालून. एकदा टिल्लूने कूस बदलली आणि विचारलं, अजून का बसलात?

"काळजी वाटते रे."

"पण आत्ता देवाला दिली ना आपण?"

"दिली."

"मग परत का घेतली?" असं म्हणून तो झोपून गेला.

पप्पांनी मुलांना शिकवायचाही एक प्रयत्न करून पाहिला. म्हणाले, बघा, लोक लिफ्टमध्ये शिरतात तेव्हा वरचा दोर कुणी तपासत नाही, त्यालाच विश्वास म्हणतात. टिल्लूने विचारलं, मग ती बंद का पडते? पप्पांनी विषय बदलला.

आणि मग एका सकाळी दवाखान्यातून फोन आला. बाळ आलं होतं. फारच लवकर. मुलगी. मुठीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि आईही बरीच अशक्त झाली होती. पप्पा शर्टाची बटणं लावत लावतच बाहेर पडले.

संध्याकाळी परतले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. मुलांना जवळ घेऊन त्यांनी खरं ते सांगितलं. बाळ फार लहान आहे, श्वास घ्यायला तिला मदत लागते, काय होईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. टिल्लू बाळ ठेवलंय ती पेटी केवढी ते विचारत राहिला. 

झोपायची वेळ झाली. मास्तरीणबाई माझ्यावर चढली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. टिल्लू गुडघ्यांवर एकटाच. पप्पा कडेवर बसले. ते घाबरले होते, आणि बाळाइतकेच ह्या मुलीसाठीही घाबरले होते. पोरीने रोज मागितलं होतं. आता हिला काय सांगायचं? कशाची कशाशी जोड लावून समजूत घालायची?

"आज राहू दे," ते म्हणाले. "उद्या करू."

तेव्हा ती उठली. खाली उतरली. माझ्या कडेवर कोपरं अशी दाणकन ठेवली की मला झिणझिण्या आल्या. डोळे मिटले.

"देवबापा, मी तुझ्यावर रागावले आहे. मी तुला रोज सांगत होते, वेळ झाल्यावर पाठव. तू ऐकलं नाहीस. ती खूप छोटी आहे. आईला रडू येतंय. मला तुझा खूप राग आलाय."

पप्पा गडबडले. देवाला असं बोलू नये, असं काहीतरी म्हणाले.

तिने डोळे उघडले. "मग कुणाला सांगू? तुमचा राग आला की मी तुम्हालाच सांगते ना?" आणि मग जरा हळू, "आई म्हणते, रागवायचं असेल तर रागवा. बोलणं बंद करायचं नाही."

 माझ्यावरचा पप्पांचा भार उठला. गुडघे कुरकुरले, त्यांचे, माझे नव्हेत. ते दोघांच्या मधे खाली बसले आणि आपली जाडजूड कोपरं त्यांनी माझ्या कडेवर ठेवली.

"माझे वडील आजारी होते," ते म्हणाले. आवाज असा, की मला कान देऊन ऐकावं लागलं. "मी तुझ्याकडे किती मागितलं होतं. तरी ते गेले. तेव्हापासून मी तुझ्याशी बोललो नाही. लोकांबरोबर उभा राहिलो, बसलो, गाणी म्हटली, पण बोललो नाही. माझा राग अजून गेलेला नाही. आणि आज पोरीसाठी आलोय. मला दुसरीकडे कुठे जायचं ते कळत नाही. तिला राहू दे. बस."

 टिल्लूने थोडी वाट पाहिली आणि कानाशी येऊन म्हणाला, "पप्पा, आमेन म्हणायचं राहिलं."

पप्पा आमेन म्हणाले. मग तिथेच, माझ्या चादरीत तोंड खुपसून रडले. मास्तरीणबाईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळं नीट होईल असलं काहीही ती म्हणाली नाही. तिला ते माहीत नव्हतं, आणि तिथे खरं तेच सांगायचं असतं.

पुढचे आठवडे अवघड गेले. एक दिवस बाळाचं वजन वाढायचं, दुसऱ्या दिवशी श्वास अडखळायचा. ज्या दिवशी जे झालं, ते त्या दिवशी माझ्यापाशी सांगितलं जायचं. कधी आभार, कधी तक्रार. मास्तरीणबाई तर एकदा चिडून नुसती बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, आज मी फक्त आलेय. पप्पा म्हणाले, चालेल, मी पण.

आधी आई घरी आली. त्या संध्याकाळी भिंतीचा आधार घेत ती आमच्या खोलीच्या दारापर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. आत तिघं रांगेत, तिच्याकडे पाठ करून. नवरा देवाला सांगत होता की आज एका म्हातारबांशी मी उर्मट बोललो आणि उद्या जाऊन माफी मागीन म्हणतोय, धीर दे. आईने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही.

मग बाळही आलं. ते जगलं म्हणून पप्पांचा विश्वास बसला, असं कुणी म्हणू नये. बोलणं त्याआधीच सुरू झालं होतं, कुणालाच काही ठाऊक नसताना. मी साक्षीला आहे. टिल्लूने बहिणीला नीट निरखलं, भाऊ नाही ही गोष्ट मोठ्या मनाने माफ केली आणि जहाजावर तिला खलाशी नेमलं.

आता ती खलाशी तुरुतुरु चालते आणि माझ्यावर तिघं झोपतात. माझा एक सांधा ढिला झालाय, कडेचं पॉलिश कोपरं घासून घासून उडालंय. पप्पा मधूनमधून म्हणतात, रंधा मारून नवं पॉलिश करू या. माझी त्यांना विनंती आहे, सांधा जरूर आवळा, पण कडेला हात लावू नका. आणि तुमच्या घरी असा एखादा पलंग असेल तर दारातून ऐकू येतं म्हणून तिथेच थांबू नका. आत या. पोरं शिकवतील. थोडी कडक आहेत, पण शिकवतात.

आज पप्पांना दिवसभर तीन इमारतींच्या लिफ्टनी छळलंय. प्रार्थनेला बसले, स्वतःच्या हाताखालचा नवा पोरगा, मावशीची कंबर, गिऱ्हाइकाची शिवीगाळ, सगळं एकेक करून देऊन टाकलं, आणि बोलता बोलता त्यांचं डोकं माझ्यावर टेकलं. घोरणंही सुरू झालं.

टिल्लूने आईला हाक मारायला तोंड उघडलं. मास्तरीणबाईने त्याला गप्प केलं, पप्पांच्या वतीने आमेन म्हणून टाकलं आणि पांघरुणाचं एक टोक त्यांच्या खांद्यावर ओढलं.